दाढीवाल्याची भिंत

मस्कतमध्ये दुकान उघडायचं तर आधी पाटी लागते. पाटीवर अरबी वर, इंग्रजी खाली. अरबी अक्षरं लहान दिसली की पालिकेतून परवानगीचा कागद परत येतो. मी देवगडहून गेलो तेव्हा मला अरबीचा अलिफसुद्धा ओळखता येत नव्हता, आणि पहिल्याच आठवड्यात मी एका खजूरवाल्याचं नाव ब्रशनं अरबीत रंगवलं. कसं? चित्र म्हणून. नारळाच्या झावळ्या काढतो तसा प्रत्येक फटकारा काढला. आमचे मालक, अर्बाब हमूद, पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "तळेकर, अक्षर सुंदर आहे. फक्त शेवटचा ठिपका तू वर दिलास, तो खाली हवा. नाहीतर हा माणूस खजूर विकत नाही, वेगळंच काही विकतो." काय विकतो ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. पुढे मी अरबी वाचायला शिकलो, पण तो शब्द विचारायचं धाडस झालं नाही.

वादी कबीरला आमचं वर्कशॉप होतं. एका बाजूला गाड्यांचे पत्रे ठोकणारे, दुसऱ्या बाजूला सोफे शिवणारे, मध्ये आम्ही. गिऱ्हाइकांचे किस्से सांगायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. एका न्हाव्याला पाटीवर स्वतःचा फोटो हवा होता, पण केस दाट करून. एका शिंप्यानं दुकानाचं नाव तीनदा बदललं, कारण प्रत्येक नावानंतर त्याच्या बायकोशी भांडण व्हायचं. शेवटी त्यानं बायकोचंच नाव दिलं आणि दुकान चाललं. पण मला इथे सांगायचंय ते एका भिंतीबद्दल. ती दुकानाची नव्हती, शाळेची होती.

आधी काम समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. ब्रशचा जमाना गेला तेव्हा व्हिनाइल आलं. व्हिनाइल म्हणजे रंगीत, पातळ, मागून चिकट असलेला कागद म्हणा. मशीनचं पातं त्यावर अक्षरं कापतं, पण सोडवत नाही. मग टाचणी घेऊन अक्षराच्या आजूबाजूचा भाग आपण सोलून काढायचा. 'ओ'च्या पोटातला गोळा काढायचा, 'ए'च्या पोटातला त्रिकोण काढायचा. अक्षर मोठं असेल तर सोपं. बोटभर उंचीची ओळ असेल तर डोळ्यांतून पाणी येतं. आणि या कामाची एक गंमत अशी की सोलताना वाचणं टळत नाही. वर्तमानपत्र माणूस चाळतो, पाटी नुसती बघतो, पण सोलताना प्रत्येक अक्षर नखाखालून जातं. मी आयुष्यात जे काही वाचलं ते असं टाचणीनं वाचलं.

फिलोमिना टीचर वर्कशॉपात आल्या तेव्हा त्यांच्या हातात पेनड्राइव्ह होता आणि डोक्यात भिंत. त्या मूळ वसईच्या. मस्कतच्या भारतीय शाळेत मोठ्या मुलांना बायॉलॉजी शिकवायच्या. निवृत्तीआधीचं ते त्यांचं शेवटचं वर्ष.

"मिस्टर तळेकर, मला कॉरिडॉरची अख्खी भिंत करायचीय," त्या म्हणाल्या. "वरच्या पट्टीत एका माणसाचं आयुष्य. खालच्या पट्टीत त्या वेळी जगात काय चाललं होतं ते. मुलांना वाटतं सायंटिस्ट हवेत राहतात. तो जेवत होता, आजारी पडत होता, तेव्हा बाहेर युद्धं चालू होती, हे त्यांना दिसू दे."

माणूस कोण, तर एकोणिसाव्या शतकातला तो इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ. माणूस माकडाच्या कुळातला म्हणणारा, असं लोक त्याच्याबद्दल एका वाक्यात सांगून मोकळे होतात तो. तुम्ही ओळखलाच असेल. त्याचं चित्र टेबलावर पसरलं तेव्हा आमच्या वर्कशॉपात सगळ्यांनी एकच नाव दिलं: दाढीवाला. मीही इथे त्याला तेच म्हणतो.

आणि तुम्हाला सांगतो, दाढीवाल्यानं मला खेचून घेतलं. तरुणपणी जहाजात बसून हा जगभर फिरला, बोट लागायची तरी फिरला. खालच्या पट्टीत त्याच काळात इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी बंद करायचा कायदा झाला. मग तो घरी आला, लग्न केलं, गावात जाऊन राहिला आणि पुन्हा कधी देश सोडून गेला नाही. आठ वर्षं त्यानं होडीच्या बुडाला चिकटतात त्या खरबरीत पांढऱ्या जिवांचा अभ्यास केला. लहानपणी वडलांबरोबर होडी उलटी करून ते मी कोयत्यानं खरवडून काढलेत, शिव्या घालत. त्याच वर्षांत खाली युरोपभर क्रांत्या झाल्या, राजे पळाले. वर हा आपला भिंग लावून बसलाय. मला हसू आलं आणि तो आवडलाही.

अर्बाब हमूद रोज संध्याकाळी यायचे. त्यांनी खालची पट्टी वाचली. लंडन, पॅरिस, अमेरिका, मुंबई-ठाणे आगगाडी, सत्तावनचं बंड. म्हणाले, "आणि मस्कत? त्या शंभर वर्षांत मस्कत झोपलं होतं?" मग त्यांनीच सांगितलं, की सुलतानाचं जहाज खजूर आणि कॉफी घेऊन थेट न्यूयॉर्कला जाऊन आलं होतं, ते अठराशे चाळीस साल. दाढीवाल्याचं लग्न झालं त्याच्या पुढचंच. मी टीचरना फोन केला. त्या इतक्या खूश झाल्या की अर्बाबना स्वतः फोनवर 'शुक्रन' म्हणाल्या. जहाज पट्टीत गेलं, निळ्या रंगात.

अशा मजेत काम चाललं होतं. आणि मग एका सकाळी मी एक्कावन्न सालाची ओळ सोलायला घेतली.

खाली होतं: लंडनला काचेच्या महालात जगातलं मोठं प्रदर्शन. वर, त्याच जागेवर: थोरल्या मुलीचा मृत्यू, वय दहा.

टाचणी तिथेच थांबली.

इथे सावंत आला पाहिजे. प्रकाश सावंत कणकवलीचा. मोठ्या इमारतींच्या एसीचं काम करायचा. तो आणि वैशालीवहिनी वादी अदाईला राहायचे. आमची ओळख गणपतीतली, मखराची अक्षरं मी कापायचो, दिव्यांच्या वायरी तो ओढायचा. त्यांना दोन मुली, थोरली सानिका, धाकटी रेवा. दोघी त्याच शाळेत. सानिकाला रक्ताचा आजार निघाला. वहिनी तिला घेऊन मुंबईला गेल्या, सावंत नोकरीसाठी इथे राहिला, रेवाला सांभाळत. मुंबईहून वहिनी एकट्या परत आल्या. त्याला वर्ष होऊन गेलं होतं. सानिका दहा वर्षांची होती.

आणि ही भिंत लागणार होती ती तिसरीच्या वर्गाबाहेर. रेवा तिसरीत होती.

मी टीचरना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओ माय गॉड. मी त्या मुलीसाठी असेंब्लीत प्रेअर म्हटली होती. आणि हे लिहिताना माझ्या मनातसुद्धा आलं नाही. काढा, मिस्टर तळेकर. ती ओळच काढून टाका."

मी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. धूळ, पत्र्यांचा आवाज, आणि त्या सोफ्याच्या कापडांच्या गठ्ठ्यावर बसलेल्या.

"नाही काढवत," त्या म्हणाल्या. "रात्रभर प्रयत्न केला. ती ओळ काढली तर हा माणूस मला समजतच नाही. त्या मुलीनंतर त्याचा देवावरचा विश्वास गेला, असं म्हणतात. रविवारी बायकोमुलं चर्चमध्ये जायची आणि हा बाहेर फिरत थांबायचा. मी रोज चर्चला जाते. पण त्याचं ते बाहेर थांबणं मला समजतं."

"मग ठेवू?"

"ठेवू कशी? ती छोटी रोज त्या ओळीसमोरून जाणार." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "त्यांना विचारायला हवं. मी परकी आहे. तुम्ही ओळखता त्यांना."

पाट्या लावायला मी चार मजली शिडीवर उन्हात चढलोय, पण त्या शुक्रवारी वादी अदाईतला तो जिना मी थांबत थांबत चढलो. आम्ही इथल्या मराठी मंडळींनी त्या वर्षात एक गोष्ट मिळून केली होती: सानिकाचं नाव काढायचं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. सावंत आला की कुणीतरी क्रिकेटचा विषय काढायचं. वहिनी आल्या की बायका आपल्या मुलींच्या गोष्टी थांबवायच्या. चांगुलपणानंच.

दार सावंतनं उघडलं. "अरे तळेकर! ये, बस. चाय घेतलंस?"

बसलो. हवापाण्याचं बोललो. रेवा आतल्या खोलीत काहीतरी रंगवत होती. शेवटी मी सांगून टाकलं. शाळेची भिंत, दाढीवाला, वरची पट्टी, खालची पट्टी, आणि ती ओळ. म्हणालो, तुमची हरकत असेल तर ती लागणार नाही, एवढंच विचारायला आलोय.

वहिनी उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

सावंतचा चेहरा लाल झाला होता. हळू आवाजात, पण दातओठ खात तो म्हणाला, "तुका अक्कल आसा काय रे? ह्या विचारूक माझ्या घराक इलंस? शाळेच्या भिंतीर काय लिवचा ता लिवा. आमका कित्याक सांगतंस?"

"चुकलो," मी म्हणालो. "निघतो." आणि खरंच उठलो. चपलेत एक पाय घातला.

"थांबा, भाऊ." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. हात ओलेच. "त्या मुलीपाशी कोण होतं?"

मला आधी कळलं नाही.

"त्या शास्त्रज्ञाच्या मुलीपाशी. शेवटी. आई होती?"

टीचरनी मला तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं होतं. म्हणालो, "नाही वहिनी. वडील होते. दूरच्या गावी औषधपाण्यासाठी नेलं होतं तिला. आई घरी होती, बाळंतपण जवळ आलं होतं म्हणून तिला प्रवास करता येईना. वडील रोज पत्र लिहून कळवायचे, आज पाणी प्यायली, आज हसली. मग शेवटचंही पत्रानंच कळवलं."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. "म्हणजे आमच्या उलटं," त्या म्हणाल्या. आणि सावंतकडे बघून, "तिचं काय झालं असेल हो घरी? पत्र येईपर्यंत?"

सावंत खिडकीकडे तोंड करून उभा होता. मला वाटलं आता हा मला हाकलणार. पण तो बोलायला लागला, आमच्याशी की काचेशी, सांगता येत नाही.

"फोन इलो तेव्हा मी छपरार होतंय," तो म्हणाला. "हॉटेलाच्या. मशीन उघडलेला होता. फोन ठेवलंय आणि... काय करूचा ता समाजला नाय. मशीन लावलंय परत. एकेक स्क्रू. सगळे. चालू करून बघितलंय, थंड हवा येता काय. आणि मगे खाली उतारलंय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "कोणाक सांगलंय नाय. म्हणतील, पोरगी गेली आणि ह्यो काम करीत होतो."

वहिनी वर्षभरात हे पहिल्यांदा ऐकत होत्या. तोंडावरूनच कळत होतं. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही विचारत नाही म्हणजे तुम्हाला ऐकायचं नाही."

"तुका सांगूचा लागात म्हणून मी विचारूक नाय."

मी एक पाय चपलेत, एक पाय बाहेर, तसाच उभा. अशा वेळी परक्या माणसानं जावं की थांबावं, हे मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात रेवा बाहेर आली. हाताला रंग. या मुलांचं मराठी जरा अडखळतं. "तुम्ही दीदीचं बोलताय?" तिनं विचारलं.

वहिनी घाईघाईनं हात पुसायला लागल्या.

"बोला ना," ती म्हणाली. "क्लासमध्ये सगळ्यांना माहितीये. कोणी बोलत नाही फक्त. सगळे असे करतात." आणि तिनं ओठ घट्ट मिटून, डोळे मोठे करून दाखवलं. इतकं हुबेहूब, की वहिनींना हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू.

मग तिला भिंतीबद्दल मीच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मुलीचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. ओळीत इंग्रजीत नुसतं 'एल्डेस्ट डॉटर' होतं. मी तिथूनच टीचरना फोन केला. त्यांनी सांगितलं. छोटंसं नाव, इंग्रजीत पाच अक्षरांचं.

"मग ते लिहा ना," रेवा म्हणाली. "डॉटर काय डॉटर. तिला नाव होतं."

सावंतनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बस, एवढंच. मग चहा आला, आणि वहिनी सांगायला लागल्या. सानिका वॉर्डातल्या नर्सबाईंना कशी मालवणी शिकवायची, केस गेल्यावर बाबांसारखी दिसते म्हणून आरशात कशी हसायची. सावंत जमिनीवर बसून ऐकत होता, लहान मूल गोष्ट ऐकतं तसा, मधून मधून "मगे?" म्हणत. मी निघालो तेव्हा दोघांनाही माझ्या निघण्याचा पत्ता नव्हता.

वर्कशॉपात येऊन मी ती ओळ नव्यानं कापली. खालच्या पट्टीत युद्धं आणि राज्यं जेवढ्या अक्षरांत होती तेवढ्याच उंचीत तिचं नाव. टीचरनी वाचलं आणि बोटांनी छातीवर क्रूस काढला.

सुट्टीत भिंत लावली. साबणाचं पाणी मारायचं, अक्षरं ठेवायची, रबरी पट्टीनं मधून कडेकडे दाबत पाणी काढायचं. घाई केली की आत फुगा राहतो. त्या भिंतीवर एक फुगा राहिला नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. आता सगळं छापूनच येतं, अख्खा पत्रा. कुणी अक्षर सोलत नाही, त्यामुळे कुणी वाचतही नाही. काम पटकन होतं, एवढं खरं.

शाळा उघडल्यावर पालकांना बोलावलं होतं. सावंत मंडळी आली. इतर पालक दाढीवाल्याच्या जहाजापाशी फोटो काढत होते, एक मारवाडी गृहस्थ सत्तावनच्या बंडापाशी आपल्या मुलाला भाषण देत होते. सावंत सरळ एक्कावन्न सालापाशी गेला. वाचलं. मग अंगठ्यानं ते नाव शेवटच्या अक्षरापर्यंत दाबत गेला.

"कड सुटली काय रे?" मी धास्तावून विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "घट आसा."

फिलोमिना टीचर पुढे आल्या. वहिनींनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "टीचर, तुम्ही तिच्यासाठी प्रार्थना म्हटली होती ना? कुठली म्हटली, सांगा ना मला." दोघी बाकावर बसल्या. टीचरनी हलक्या आवाजात ती म्हणून दाखवली, वसईच्या मराठीत.

हे सगळं एकदम सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. सावंतला नंतरही वाईट दिवस आले. मध्ये तो कुणाशी बोलेनासा झाला, मध्ये एकदा माझ्यावरच डाफरला की तू आलास आणि झाकलेलं उघडलंस. मी ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्यानंतरच्या गणपतीची गोष्ट सांगतो आणि थांबतो. अल् घुब्राला एकाच्या घरी आरतीनंतर आम्ही जेवत होतो. पुण्याहून नुकताच बदलून आलेला एक तरुण इंजिनियर पंगतीत सावंतच्या शेजारी होता. बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही. बोलता बोलता त्यानं विचारलं, "मुलं किती तुम्हाला, काका?"

वाढणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. कुणीतरी घाईनं क्रिकेटचं काढलं.

"थांबा रे," सावंत म्हणाला. आणि त्या मुलाकडे वळून, त्याला कळेल अशा सरळ मराठीत: "दोन मुली. थोरली सानिका. ती गेली, दहा वर्षांची होती. धाकटी ती बघा, मोदक चोरतेय."

त्या मुलाचा घास हातातच राहिला. "सॉरी काका. मला माहीत नव्हतं. मी विचारायला नको होतं."

"सॉरी कशाला?" सावंत म्हणाला. त्यानं पान बाजूला सरकवून जागा केली आणि त्याच्याकडे नीट वळून बसला. "विचारा की."